ब्लॅक घोस्ट पाळताना: नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या गणपतीनंतर बेळगावात शहापूरला आमच्या घरी ब्लॅक घोस्ट नाइफफिश आणला, तेव्हा तो चार इंचांचा होता. आता आठ इंच भरतो. "सहा इंचांवर जात नाही," असं दुकानात सांगितलं होतं. ते साफ चूक आहे. ॲमेझॉन खोऱ्यातला हा मासा दीड फुटापर्यंत वाढतो.

पहिले तीन आठवडे तो दिसलाच नाही. दिवसभर पीव्हीसी पाइपात दडून, दिवे मालवले की बाहेर. पोटाखालचा लांबच लांब पर लाटेसारखा हलवत जसा पुढं जातो तसाच मागं येतो. आज्जीनं बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, ह्यो उलटाबी पवतोय की!" डोळ्यांवर त्याची फारशी भिस्त नाही. शेपटीकडच्या अवयवातून तो सेकंदाला हजारएक वेळा अगदी सौम्य विजेची स्पंदनं सोडतो, आणि आसपासच्या वस्तूंमुळं त्यांत पडणाऱ्या फरकावरून अंधारात अळी हुडकतो. वाळूत पुरलेली अळीसुद्धा त्यानं काढलेली मी बघितलीय. दुसरा ब्लॅक घोस्ट मात्र सोबत ठेवू नका, जागेवरून भांडतात. माझी गप्पीची पिल्लंही एकेक करून नाहीशी झाली.

डिसेंबरात माझी चूक झाली. बेळगावच्या थंडीत टाकीचं पाणी 20 अंशांवर आलं आणि त्यानं खाणं सोडलं. धावतपळत 200 वॅटचा हिटर आणला, पण आठवड्यात अंगावर पांढरे ठिपके उठले. ह्या माशाचे खवले अगदी बारीक असतात, त्यामुळं औषधाचा पूर्ण डोस सोसत नाही. अर्धाच डोस दिला, तापमान हळूहळू 29 वर नेलं, पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दुसरा दगड सोडला, रोज थोडं पाणी बदललं. अकरा दिवस घरात कुणाला झोप लागली नाही. वाचला. हिटर पहिल्या दिवसापासून हवाच. पावसाळ्यात करंट जातो, म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंपही घेऊन ठेवलाय.

खाणं म्हणजे फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या), नाहीतर परसातली गांडुळं धुऊन बारीक चिरून. कोरडे दाणे तोंडात धरतो नि टाकून देतो. फेब्रुवारीपासून रात्री नऊला पाइपातून येऊन माझ्या बोटांतून गांडूळ घेतो. ते आपण वाट बघून मिळवावं लागतं.

आत्ताची चार फुटी, 250 लिटरची टाकी अजून वर्षभर पुरेल. पुढच्या सहा फुटीत नुसतं पाणीच साडेसहाशे किलोंच्या वर भरेल, म्हणून माडीवर नको म्हटलं. खाली सोप्यातला दिवाण हलवून जागा केलीय.