एचएक्स स्टॉम्पवर सिग्नलला फाटा फोडून वाजवणं: काही महिन्यांच्या वापरानंतर

लाइन सिक्स कंपनीचा एचएक्स स्टॉम्प, म्हणजे गिटारचे अ‍ॅम्प आणि इफेक्ट डिजिटल रूपात देणारं पायाने चालवायचं यंत्र, गेल्या गणपतीपासून माझ्या पायाशी आहे. मंडळांचे स्टेज शो, लग्नातलं संगीत, सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरातले जुन्या गाण्यांचे कार्यक्रम, सगळीकडे हाच. यंत्र 2018 सालचं, त्यामुळे त्यावर भरपूर बोलून झालंय. मी फक्त पॅरलल पाथबद्दल लिहितोय, म्हणजे एकाच गिटारचा सिग्नल मध्येच फोडून ए आणि बी अशा दोन वाटांनी न्यायचा आणि पुढे मिक्सर ब्लॉकमध्ये परत एक करायचा. (ब्लॉक म्हणजे यंत्राच्या आतला एकेक अ‍ॅम्प, इफेक्ट किंवा जोडणी.)

दोन अ‍ॅम्प, एक डावीकडे, एक उजवीकडे, हा नमुना सगळे आधी दाखवतात. हेडफोनवर तो भारीच वाटतो. आमच्या कामात मात्र त्याचा उपयोग सगळ्यात कमी. सोलापुरात ज्या ज्या साउंड सिस्टिमवर वाजवलं, त्यातल्या बहुतेक मोनो, म्हणजे डावं-उजवं वेगळं नसलेल्या. साउंडवाल्याला दोन केबल दिल्या की तो म्हणणार, "दोन कशाला मालक, एकच द्या की." त्याने दोन्ही जॅक लावून घेतले आणि मिक्सरवर फक्त डावा चॅनल उघडला, तर उजवीकडचा अ‍ॅम्प लोकांपर्यंत पोचतच नाही. फक्त लेफ्टचा जॅक लावला तर यंत्र स्वतःच दोन्ही बाजू मोनो करून देतं. म्हणून स्टेजसाठीच्या माझ्या सगळ्या पॅचमध्ये (साठवलेल्या सेटिंग्जमध्ये) दोन्ही पाथचा पॅन (आवाजाची डावी-उजवी जागा) मधोमध आहे.

खरा फायदा झाला तो क्लीन (स्वच्छ) आणि ड्राइव्ह (फाटलेला, खरखरीत) आवाज एकत्र वाजवण्यात. ए पाथवर यूएस डिलक्स हा अ‍ॅम्प, अगदी स्वच्छ. बी पाथवर ब्रिट 2204 हा अ‍ॅम्प, गेन (ड्राइव्हचं प्रमाण) बऱ्यापैकी वर. एकट्या ड्राइव्हवर पूर्ण कॉर्ड धरला की तारा एकमेकींत मिसळून नुसता चिखल होतो. खाली क्लीनचा थर असला की प्रत्येक तार वेगळी ऐकू येते, आणि की-बोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड यांच्या गर्दीतही गिटार हरवत नाही. बी ची पातळी मी मिक्सर ब्लॉकमध्ये ए पेक्षा बरीच खाली ठेवतो आणि ती एक्स्प्रेशन पेडलला जोडलीय. टाच दाबली की ड्राइव्ह बंद, अंतऱ्यानंतरच्या म्युझिक पीसला पंजा हळूहळू पुढे. क्लीन आवाज जागचा हलत नाही, नुसता वरून रंग चढत जातो. साध्या ओव्हरड्राइव्हच्या बटणातून हे कधीच मिळालं नव्हतं.

यात एक काळजी घ्यावी लागते. दोन्ही पाथना वेगवेगळे कॅब (अ‍ॅम्पच्या स्पीकर-पेटीची नक्कल) दिले आणि मोनोमध्ये एकत्र केले, तर काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना मारतात. मी दोन्ही अ‍ॅम्प आधी मिक्सरमध्ये एकत्र करतो आणि त्यापुढे एकच कॅब लावतो. 8 पैकी 3 ब्लॉकांत (दोन अ‍ॅम्प, एक कॅब) काम होतं. दोन कॅब हवेच असतील तर मिक्सरमधली बी पोलॅरिटी (बी च्या लहरीची दिशा) उलटी-सुलटी करून बघा. ज्या बाजूला खर्ज भरीव लागतो ती ठेवा.

डिलेसाठीही आता मी फाटाच फोडतो. बी वर फक्त डिले (प्रतिध्वनी) आणि रिव्हर्ब (घुमारा), डिलेचा मिक्स 100 टक्के, म्हणजे नुसता प्रतिध्वनी, कारण कोरडा (मूळ) आवाज ए वरून येतच असतो. इथे फूटस्विचने डिले बायपास (बंद) केला की बी वरून कोरडा सिग्नल पुढे सरकतो आणि आवाज एकदम उसळतो. दोन हुबेहूब सारखे सिग्नल एकत्र आले की पातळी 6 डेसिबलने वाढते, आणि ती नेमकी गायकाच्या तोंडावर वाढते. त्यापेक्षा स्प्लिटचा (फाट्याच्या ब्लॉकचा) प्रकार ए/बी निवडून तोच फूटस्विचला द्या. सिग्नल बी कडे जायचा थांबतो, आधीच निघालेले प्रतिध्वनी मात्र आपल्या गतीने विरत जातात. शेवटच्या सुरावर हे फार सुंदर लागतं.

माझ्याकडे एक जुना फझ (खरखरीत आवाजाचं वेगळं पेडल) आहे. तो सेंड-रिटर्नमधून (बाहेरचं पेडल जोडायच्या जॅकमधून) बी पाथवर घेतला, तर आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा. बाहेर जाताना सिग्नल डिजिटलचा अ‍ॅनलॉग होतो, परत येताना पुन्हा डिजिटल, आणि त्यात किंचित उशीर लागतो. कानाला तो उशीर कळत नाही, पण ए वरच्या वेळेवर आलेल्या आवाजाशी बेरीज झाली की कळतो. नुसता 1 मिलिसेकंद मागे पडला तरी 500 हर्ट्झला खड्डा पडतो, मग 1500 ला, 2500 ला. बाहेरचं पेडल स्प्लिटच्या आधी ठेवा, विषय संपला.

बेसवाला आला नाही की बेस माझ्या गळ्यात. तेव्हा क्रॉसओव्हर स्प्लिट: साधारण 200 हर्ट्झच्या खालचं स्वच्छ, वरच्याला थोडी खरखर. खर्ज अजिबात फाटत नाही.

आमची प्रॅक्टिसची खोली पूर्व भागात, शेजारी यंत्रमाग. सिंगल कॉइलची गिटार तिथे काढली की 50 हर्ट्झचा हूं सुरू. दोन पाथवर दोन गेट (सूर थांबला की आवाज बंद करून हूं दाबणारे) लावले तर ते वेगवेगळ्या क्षणी मिटतात आणि सुराची शेपटी तुकड्यातुकड्याने कापली जाते. इनपुट ब्लॉकमध्येच गेट आहे, तेच वापरा. ते फाट्याच्या आधी येतं आणि ब्लॉकही खात नाही.

पॅच मी लॅपटॉपवर एचएक्स एडिट या सॉफ्टवेअरमध्येच बांधतो. ब्लॉक माउसने खाली ओढला की बी पाथ तयार. कार्यक्रमाच्या जागी छोट्या पडद्यावर फक्त पातळ्या बघतो. अडॅप्टर मूळचाच बाळगा, याला 9 व्होल्ट 3 अँपिअर लागतात. पेडलबोर्डच्या पॉवर सप्लायचे 500 मिलिअँपिअरचे आउटपुट इथे कामाचे नाहीत.

सुरुवातीला याला 6 च ब्लॉक होते, 2020 च्या अपडेटने 8 झाले. ऑर्केस्ट्राला तेवढे पुरतात. फूटस्विच मात्र तीनच. ते कमी वाटत असतील तर याचाच मोठा भाऊ स्टॉम्प एक्सएल घ्या, त्याला आठ आहेत, ब्लॉक तेवढेच. त्याहून जास्त फाटे फोडायचे असतील तर थोरला हेलिक्स फ्लोअर आहे. त्यात मूळचेच दोन पाथ आणि प्रत्येकाला पुन्हा फाटा. फक्त तो गिटारसोबत मोटारसायकलवर न्यायचा तर मागे बसायला माणूस लागेल.