डेक्स्ट्रान की डीएनएचे तारे?

शिवाजी विद्यापीठात एमएस्सीच्या प्रोजेक्टला द्रव-द्रव प्रावस्था विलगन (एकाच द्रावणातून दोन न मिसळणारे द्रव वेगळे होणं) घेतलं, की पहिला प्रश्न हाच: पॉलिमर की डीएनए?

पॉलिमरचं काम सरळ. पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) आणि डेक्स्ट्रान (ग्लुकोजच्या रेणूंची लांब साखळी) दोन्ही पाण्यात विरघळतात, पण एकत्र ठरावीक प्रमाणापुढे गेले की फारकत घेतात. मिश्रण आधी दुधाळ होतं, मग वर पीईजीचा थर, खाली डेक्स्ट्रानचा. स्वीडनच्या अल्बर्टसन यांनी १९५० च्या दशकात पेशींचे घटक वेगळे करायला हीच युक्ती वापरली. आणि डेक्स्ट्रान कोल्हापूरला परका नव्हेच! तोडलेला ऊस पडून राहिला की ल्यूकोनोस्टॉक जिवाणू साखरेपासून डेक्स्ट्रान करतात, रस चिकट होतो आणि कारखान्याचा केमिस्ट वैतागतो.

डीएनएची गंमत मात्र औरच. तीन-चार धागे जुळून तारा होतो, प्रत्येक हाताच्या टोकाला डीएनएच्या मोजक्या अक्षरांचं (बेसचं) चिकट शेपूट. मीठ घालून गार केलं की तारे एकमेकांना धरतात, थेंब बनतात; तापवलं की सुटतात. २०१३ साली इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं, की चारऐवजी तीनच हात ठेवले तर विलगन ज्या तापमानांना आणि प्रमाणांना होतं ते क्षेत्र आक्रसतं. टोकाचा क्रम वेगळा ठेवा, दोन जातींचे थेंब एकमेकांना टेकूनही मिसळत नाहीत. पीईजीला हे कुठलं जमायला?

फक्त धागे बाहेरून बनवून घ्यावे लागतात, वर फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाची वेळ मिळवा. एका सत्राचं काम असेल तर मी डेक्स्ट्रानच सुचवेन. पीएचडी करायची असेल, तर डीएनए.