गोठणारा बेडूक की गोठूच न देणारा मासा?

अलास्कातला वुड फ्रॉग आणि अंटार्क्टिकातला टूथफिश, थंडीशी लढायची दोघांची पद्धत एकदम उलटी. माशाभोवतीचं पाणी उणे १.९ डिग्री, पण रक्तातली अँटीफ्रीझ प्रोटीन्स बर्फाच्या बारीक कणांना चिकटतात आणि त्यांना वाढूच देत नाहीत, १९६० च्या दशकात आर्थर डीव्रीज या शास्त्रज्ञाने हे शोधलं. बेडूक मात्र खरंच गोठतो! अंगातलं जवळपास ६५ टक्के पाणी बर्फ, हृदय बंद, श्वास बंद, आणि तरी पेशी वाचतात कारण बर्फ धरायला लागला की लिव्हर भराभर ग्लुकोज सोडतं आणि बर्फ पेशींच्या बाहेरच राहतो. अलास्कातले तर उणे १६ पर्यंत तग धरतात, मग वसंतात वितळले की हृदय परत सुरू! मला बेडूकच जास्त भारी वाटतो, पण माशाला वर्षभर सुटका नाही हेही खरं, तिथलं पाणी फारसं गरम होतच नाही.