ग्दान्स्क, रिगा की टॅलिन : बाल्टिक किनाऱ्यावरच्या एका आठवड्यासाठी

बाल्टिक समुद्राकाठचे एखादे जुने बंदर निवडून तेथे सात दिवस निवांत राहावे, असा बेत करणाऱ्यासमोर साधारणतः तीन नावे येतात : पोलंडमधील ग्दान्स्क, लॅटव्हियाची राजधानी रिगा आणि एस्टोनियाची राजधानी टॅलिन. मध्ययुगात ही तिन्ही शहरे हान्सा या व्यापारी संघात होती. त्यामुळे उंच मनोऱ्यांची चर्चे, निमुळत्या घरांच्या रांगा, फरसबंद गल्ल्या आणि मधोमध बाजारचौक हा थाट तिन्हीकडे सारखाच आहे, आणि छायाचित्रे पाहून निवड करायला बसलेला माणूस हमखास गोंधळतो.

माझ्या मते येथे छायाचित्रांपेक्षा एक साधा प्रश्न अधिक उपयोगी पडतो : चौथ्या दिवशी सकाळी न्याहारी उरकल्यावर काय करायचे? यांपैकी कोणत्याही शहराचा जुना भाग दोन दिवसांत पाहून होतो. रेंगाळत पाहिला, तरी तीन दिवस लागतात. दोन-तीन दिवसांचाच प्रवास असेल तर तिन्हींपैकी कोणतेही शहर डोळे मिटून निवडावे. आठवडा काढायचा असेल, तर मात्र त्या शहराच्या तटाबाहेर आणि आसपास काय आहे यावरच निर्णय घ्यावा लागतो.

जुने खरे किती?

त्याआधी एका आक्षेपाचा विचार करायला हवा, कारण ग्दान्स्कबद्दल तो नेहमी घेतला जातो. टॅलिनचे जुने शहर बव्हंशी मूळ स्वरूपात टिकले आहे. ९ मार्च १९४४ च्या सोव्हिएत बॉम्बवर्षावात त्याचा काही भाग उद्ध्वस्त झाला खरा, पण चुनखडीच्या करड्या दगडाचा तट, त्याचे बुरूज आणि १४०४ मध्ये पूर्ण झालेले नगरभवन आजही उभे आहे. त्याच चौकातील औषधांचे दुकान निदान १४२२ पासून चालू असल्याची नोंद आहे. ग्दान्स्कचा मुख्य भाग मात्र १९४५ मध्ये जवळजवळ बेचिराख झाला. आज दिसणाऱ्या डौलदार दर्शनी भिंती बहुतांशी युद्धानंतर उभारलेल्या आहेत, आणि त्यांच्या आड व्यापाऱ्यांचे वाडे नसून त्या काळी कामगार कुटुंबांसाठी बांधलेल्या सदनिका आहेत. युनेस्कोने १९९७ मध्ये टॅलिन आणि रिगा या दोन्ही शहरांचे ऐतिहासिक भाग जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ग्दान्स्क शहर त्या यादीत नाही.

ज्याला 'अस्सल जुने' पाहायचे आहे त्याने म्हणूनच टॅलिनकडे वळावे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण एखादे शहर राखेतून वीट-वीट रचून पुन्हा उभे करणे हासुद्धा इतिहासच आहे, असे ज्याला वाटते त्याला ग्दान्स्कच्या रस्त्यांवर फसवणूक झाल्यासारखे वाटणार नाही. मारियात्स्का नावाची एक छोटी गल्ली नदीकडून सेंट मेरीच्या चर्चकडे जाते. तिच्या दुतर्फा प्रत्येक घरापुढे दगडी कठड्यांचा उंच ओटा आहे आणि ओट्यांवरचे पावसाचे पाणी रस्त्यावर सोडण्यासाठी दगडात कोरलेली अक्राळविक्राळ तोंडे आहेत. पाऊस लागला की ही तोंडे खरोखरच पाणी ओकू लागतात. सहलीचा दिवस पावसाने वाया गेला म्हणून हळहळणाऱ्याने त्या वेळी मुद्दाम या गल्लीत जावे.

ग्दान्स्क : चौथा दिवस भरगच्च

पहिले दोन दिवस लांब बाजारपेठ, तेथील नेपच्यूनचे कारंजे, मोतवावा नदीकाठची पंधराव्या शतकातील प्रचंड लाकडी यारी आणि सेंट मेरीचे चर्च यांत सहज जातात. हे चर्च बांधायला १३४३ ते १५०२ अशी दीडशेहून अधिक वर्षे लागली. त्याच्या मनोऱ्याला चारशेहून जास्त पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, हे गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावे. त्यांनी खालीच थांबून हान्स ड्युरिंगर याने पंधराव्या शतकात बनविलेले खगोलीय घड्याळ निवांत पाहावे. त्यात काही कमीपणा नाही.

तिसऱ्या दिवसापासून हे शहर इतर दोघांच्या पुढे जाऊ लागते. १ सप्टेंबर १९३९ रोजी पहाटे श्लेस्विग-होलश्टाइन या जर्मन युद्धनौकेने वेस्टरप्लाटे या चिंचोळ्या भूभागावरील पोलिश ठाण्यावर तोफा डागल्या आणि दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटले. सुमारे दोनशे सैनिकांनी ते ठाणे सात दिवस लढविले. ते पाहून २०१७ मध्ये उघडलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या संग्रहालयात जावे. त्याची मुख्य दालने जमिनीखाली आहेत, आणि तेथे तीन-चार तासांखाली भागत नाही. मराठी वाचकासाठी या दालनांना एक जवळचा धागा आहे. या युद्धात सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळीवडे येथील छावणीत राहिली होती. कोल्हापूरकराला ही गोष्ट ठाऊक असते. पण तिची सुरुवात जेथे झाली ती जागा पाहिल्यावर ती वेगळी वाटू लागते.

चौथा दिवस जहाजबांधणीच्या गोदीसाठी ठेवावा. ऑगस्ट १९८० मध्ये येथील संपाचे नेतृत्व लेख वाउएन्सा या विजेची कामे करणाऱ्या कामगाराने केले. संपकऱ्यांनी एकवीस मागण्या लाकडी फळ्यांवर हाताने लिहून काढल्या आणि ३१ ऑगस्टला सरकारला करारावर सही करावी लागली. त्या संपातून सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना उभी राहिली, आणि त्याच फळ्या आज गोदीच्या दोन क्रमांकाच्या फाटकाजवळ, २०१४ मध्ये उघडलेल्या युरोपीय सॉलिडॅरिटी केंद्रात पाहायला मिळतात. बाहेर १९७० च्या गोळीबारात मारल्या गेलेल्या कामगारांच्या स्मरणार्थ तीन उंच पोलादी क्रूस उभे आहेत. गिरणगावातील १९८२ चा संप ज्यांच्या घराने सोसला आहे, त्यांना या इमारतीतून बाहेर पडायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागेल.

पाचव्या दिवशी रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावरच्या मालबोर्कला जावे. ट्यूटॉनिक सरदारांनी, म्हणजे मध्ययुगीन जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाने, बांधलेला हा विटांचा किल्ला जगातल्या सर्वांत विस्तीर्ण किल्ल्यांत मोजला जातो. आत फिरायला तीन तास लागतात, आणि बाहेर पडल्यावर पादचारी पुलावरून नोगात नदी ओलांडून पलीकडच्या काठावरून तो पुन्हा पाहावा, कारण त्याचा आवाका तेथूनच कळतो. उरलेले दोन दिवस लोकल गाडीने हिंडण्यासाठी ठेवावेत : ऑलिव्हा येथील कॅथीड्रलचा ऑर्गन, सोपोतचा समुद्रात गेलेला, पाचशे मीटरहून लांब लाकडी धक्का, आणि विसाव्या शतकात नव्याने वसविलेले ग्दिनिया बंदर. उन्हाळ्यात हेलच्या चिंचोळ्या द्वीपकल्पावरही जाता येते.

एक सावधगिरीची सूचना येथेच द्यायला हवी. ग्दान्स्कमध्ये पावलोपावली अंबर विकले जाते. मराठीत त्याला तृणमणी म्हणतात, कारण घासल्यावर ते गवताची काडी ओढून घेते. मात्र ही परीक्षा खरेदीच्या वेळी पुरेशी नाही. प्लॅस्टिकचा मणीही घासल्यावर कागदाचा कपटा उचलतो. खरे अंबर मिठाच्या दाट पाण्यात तरंगते आणि नकली मणी बहुधा बुडतात, पण कोपल नावाची कच्ची राळही तरंगते. सबब महागडा दागिना घ्यायचा असेल तर प्रमाणपत्र देणारे दुकान निवडावे, आणि हौसेपुरते काही घ्यायचे असेल तर फार चिकित्सा न करता एखादा लहानसा मणी घेऊन मोकळे व्हावे.

टॅलिन : सुंदर, पण लहान

टॅलिनचे सौंदर्य पहिल्याच संध्याकाळी मन जिंकते. खालच्या गावातून टोम्पेआ टेकडीवर जाणाऱ्या दोन जुन्या वाटांना 'लांब पाय' आणि 'आखूड पाय' अशी नावे आहेत. लांब पायाची चढण सौम्य आहे, तर आखूड पायावर पायऱ्या आहेत. वर पोहोचल्यावर सज्जांमधून लाल कौलारू छपरे, तटाचे बुरूज आणि पलीकडे समुद्र असा देखावा दिसतो. उन्हाळ्यात मोठ्या प्रवासी जहाजांतून उतरलेली गर्दी सकाळपासून दुपारपर्यंत गल्ल्या व्यापून टाकते. म्हणून जुन्या गावातच मुक्काम करावा आणि पहाट व संध्याकाळ स्वतःसाठी राखून ठेवावी. निगुलिस्ते चर्चमध्ये बेर्न्ट नोट्के याच्या 'मृत्यूचे नृत्य' या पंधराव्या शतकातील चित्राचा उरलेला भाग आहे. राजा असो वा पोप, प्रत्येकाच्या शेजारी एकेक सांगाडा नाचताना दिसतो. टॅलिनमध्ये एकच वस्तू पाहायची म्हटली, तर मी हे चित्र सांगेन.

तिसरा दिवस रशियाचा झार पीटर द ग्रेट याने बांधवून घेतलेला काद्रिओर्गचा राजवाडा आणि त्याच बागेलगतचे कुमू कलासंग्रहालय यांत जातो. चौथा दिवस सी-प्लेनसाठी बांधलेल्या जुन्या काँक्रीटच्या घुमटांतील सागरी संग्रहालयासाठी ठेवावा. तेथे १९३६ साली ब्रिटनमध्ये बांधलेल्या लेम्बित या पाणबुडीत शिरून आतून हिंडता येते. मुले बरोबर असतील तर हा दिवस सर्वांत यशस्वी ठरतो. पाचव्या दिवशी लाहेमा राष्ट्रीय उद्यानातील दलदलीवरून फळ्यांच्या वाटेने चालावे. सहाव्या आणि सातव्या दिवसासाठी मात्र दोन तासांच्या बोटीने हेल्सिंकी गाठावी लागते. याचा अर्थ असा की, टॅलिनचा आठवडा खरे तर पाच दिवसांचा आहे आणि उरलेला फिनलंडकडून उसना घेतलेला आहे. एका फेरीत दोन देश पाहण्याची इच्छा असणाऱ्यांना हाच त्याचा मोठा गुण वाटेल.

रिगा

रिगाबद्दल थोडक्यात लिहितो. तिची खरी ओळख जुन्या गावात नसून त्याच्या बाहेर, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या आर्ट नूव्हो या नक्षीदार शैलीच्या इमारतींत आहे. अल्बर्टा रस्त्यावर मान वर करून चालणाऱ्याला मुखवटे, सिंह आणि फुलांच्या माळा यांनी लगडलेल्या भिंती पाहता पाहता तासभर कधी गेला ते कळत नाही. झेपेलिन या जुन्या, वायूवर तरंगणाऱ्या हवाई जहाजांच्या हँगरांचे सांगाडे वापरून १९३० मध्ये उभारलेला पाच दालनांचा मध्यवर्ती बाजार हे तिचे दुसरे वैभव. युर्मालाचा समुद्रकिनारा रेल्वेने अर्ध्या तासावर आहे, आणि सिगुल्डाचे रान किंवा रुंदालेचा राजवाडा दिवसभरात पाहून परत येता येते. वास्तुकलेची आवड असणाऱ्याने रिगाच घ्यावी. इतरांना आठवड्यासाठी एकटी रिगा सुचवायला मी कचरतो. टॅलिनला जोडून घेतली तर ती उत्तम, कारण बसने हे अंतर साडेचार तासांच्या आसपास आहे.

खाणे, खर्च आणि ऋतू

शाकाहारी माणसाची सर्वांत स्वस्त सोय ग्दान्स्कमध्ये होते. तेथे 'दुधाचे बार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, साम्यवादी काळापासून चालत आलेल्या साध्या खाणावळी आहेत. बटाटा आणि पनीरसारख्या चीजचे सारण भरलेले पियेरोगी करंजीच्या आकाराचे असतात, पण तळलेले नव्हे तर उकडलेले. मागविताना 'बेझ म्येंसा', म्हणजे मांस नको, असे सांगावे. आणि वरून डुकराच्या चरबीची कुरकुरीत फोडणी घालण्याची रीत असल्याने तीही नको असे वेगळे बजावावे, नाहीतर सारण शाकाहारी आणि ताट मांसाहारी असा प्रकार होतो. टॅलिन आणि रिगा येथे काळ्या राय पिठाचा पाव व दुधाचे पदार्थ चांगले मिळतात आणि नव्या धर्तीची शाकाहारी उपाहारगृहेही आहेत, पण टॅलिनमध्ये खिशाला जास्त चाट बसते. पोलंडमध्ये झ्लॉटी चालते आणि इतर दोन देशांत युरो, एवढेही ध्यानात ठेवावे.

वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर ग्दान्स्क आणि रिगा सपाट आहेत, टॅलिनमध्ये चढउतार आहेत; ओबडधोबड फरसबंदी तिन्हीकडे आहे. जूनमध्ये टॅलिनला साडेअठरा तास उजेड असतो आणि डिसेंबरात जेमतेम सहा, म्हणून नाताळच्या बाजाराचे खास आकर्षण नसेल तर मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचा काळ निवडावा. जुलैच्या अखेरीपासून ग्दान्स्कमध्ये सेंट डॉमिनिकची मोठी जत्रा भरते. त्या आठवड्यांत शहराला रंगत येते, पण राहण्याच्या जागा महागतात आणि शांतपणे फिरू पाहणाऱ्याची कुचंबणा होते.

मुंबईहून तिन्ही शहरांना थेट विमान नाही. एक बदल तरी करावाच लागतो. तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटात, असल्याने एकच व्हिसा पुरतो, आणि अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने व निदान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. तो ज्या देशात जास्त रात्री काढायच्या आहेत त्याच्याकडे करायचा असल्यामुळे शहराची निवड विमानाच्या तिकिटाआधी पक्की व्हायला हवी : टॅलिनला पाच रात्री आणि हेल्सिंकीला दोन असा बेत असेल, तर विमान हेल्सिंकीला उतरणारे असले तरी अर्ज एस्टोनियाच्या नावाने भरावा.