स्लरीच्या तळ्याचा बांध आतून चढवायचा, बाहेरून चढवायचा, की तळं सोडून फिल्टर प्रेस बसवायचा?

भरूच जिल्ह्यात झगडिया-राजपारडी साइडला सिलिका सँड धुण्याचे छोटे प्लांट आहेत, तिथे मार्च-एप्रिल आला की तोच प्रश्न येतो, स्लरीचं, म्हणजे वाळू धुतलेल्या गाळ-पाण्याचं, तळं भरत आलंय, दोन-तीन महिन्यांत पावसाळा, आता करायचं काय. जेसीबीवाल्याला विचारलं तर तो म्हणणार ३ मीटर चढवून देतो साहेब, आठवड्यात काम फिनिश. गाळ दाबून पाणी काढणारं मशीन विकणाऱ्या प्रेसवाल्याला विचारलं तर तो म्हणणार तळ्याची गरजच नाही. दोघंही आपापला माल विकतायत, त्यात चूक काही नाही, पण तुम्हाला निर्णय घ्यायचाय तर तीनही रस्ते शेजारी शेजारी ठेवून बघा. माझं मत आधीच सांगून टाकतो, उंचीवर भांडण्यात अर्थ नाही, पाणी कुठे उभं आहे आणि बांधातून कुठे जातंय त्यावर सगळं ठरतं.

हिशोबासाठी एक बांध धरू. ६ मीटर उंच, माथा ३ मीटर रुंद, दोन्ही बाजूंना १ मीटर चढाला २ मीटर पसारा. म्हणजे एका रनिंग मीटरला ९० घनमीटर माती. तो ९ मीटर करायचा.

आतून चढवायचा म्हणजे नवा बांध जुन्याच्या माथ्याला लागून तळ्यातल्या गाळावर बसतो. माती लागते रनिंग मीटरला फक्त २७ घनमीटर, बाहेर एक इंचही जागा नको, म्हणून सगळ्यांना हाच आवडतो. बाहेरून, म्हणजे बाहेरच्या उतारावर माती टाकत चढवला तर तोच बांध १८९ घनमीटरचा होतो, म्हणजे नवीन माती ९९, जवळजवळ चौपट, आणि पायथा १२ मीटर बाहेर सरकतो. तिथे शेजाऱ्याचं शेत असेल किंवा प्लांटचा रस्ता असेल तर विषय तिथेच संपला.

मग स्वस्त ते का नको? कारण पाया गाळाचा आहे, आणि आपल्या धंद्यात तो गाळ कसला तर जाडी वाळू तुम्ही माल म्हणून विकून टाकलेली असते, तळ्यात जाते ती नुसती बारीक माती. खाणीवाले जिथे आतून चढवतात तिथे निदान जाडा भाग बांधाजवळ सोडायचा, पाणी लांब ढकलायचं असा नियम असतो, आपल्याकडे जाडा भाग शिल्लकच नाही. बारीक गाळातलं पाणी सुटत नाही हो, दही फडक्यात टांगलं तर चक्का होतो पण पातेल्यात ठेवलं तर वर थोडं पाणी दिसतं आणि खाली दहीच राहतं, तसं आहे हे. वरून भेगा पडल्या, माणूस चालू शकतो, म्हणून सुकला असं वाटतं, आणि २ मीटर खाली तो लोण्यासारखा असतो. असा भिजलेला गाळ वजन पडल्यावर एकदम पातळ होऊन वाहतो, वॉर्निंग बहुतेक देत नाही. ब्राझीलमध्ये ब्रुमादिन्योला २५ जानेवारी २०१९ ला असाच आतून चढवत नेलेला बांध काही सेकंदांत गेला, २७० माणसं मेली, आणि नवीन गाळ टाकणं तर तिथे आधीच बंद झालेलं होतं. त्यानंतर ब्राझीलने ही पद्धतच बंद केली.

तो मोठा होता, आपलं तळं छोटं, असं कोणी म्हणेल. तर इटलीतलं स्तावा बघा, १९ जुलै १९८५. फ्लोराइट धुणाऱ्या खाणीची एकावर एक दोन तळी, वरचं फुटलं, त्याने खालचं फोडलं, आणि साधारण १ लाख ८० हजार घनमीटर गाळाने २६८ लोक घेतले. १ लाख ८० हजार म्हणजे १५० बाय २०० मीटरचं तळं ६ मीटर भरलेलं, एवढंच. आपल्या छोटा उदेपूरच्या कडीपाणीलाही फ्लोराइटचाच प्रोजेक्ट आहे, म्हणून ते नाव माझ्या डोक्यात बसलंय. खाली कोण राहतं हे उंचीपेक्षा जास्त महत्त्वाचं.

आणि सरकार बघून घेईल म्हणाल तर २०२१ चा धरण सुरक्षा कायदा मुळात नदी-नाल्यावरच्या पाण्याच्या धरणांसाठी आहे, तोही १५ मीटरच्या वरच्या, किंवा १० ते १५ मधल्या काही अटी बसणाऱ्या. तुमचं ६ मीटरचं स्लरीचं तळं त्यात येतच नाही. आजवा सरोवराची लेव्हल २१२ फूट झाली का हे अख्खं बडोदं ऑगस्टमध्ये विचारतं, स्वतःच्या तळ्यात मात्र साधी मोजपट्टी पण रोवलेली नसते!

बाहेरून चढवणं मला पटतं, पण जुना बांध धड असेल तरच, आणि धड आहे की नाही हे माथ्यावर गाडी फिरवून कळत नाही, बाहेरच्या पायथ्याशी उतरून चालावं लागतं. कुठे मे महिन्यातही हिरवं गवत दिसतंय का, जमीन दबते का, पाणी झिरपतंय का. झिरपणारं पाणी स्वच्छ आणि रोज तेवढंच असेल तर घाबरू नका, बादली आणि घड्याळ घेऊन मोजून वहीत लिहा. गढूळ झालं किंवा वाढलं तर बांधातली माती वाहून चालली आहे, आतून पोकळी होतेय, त्या दिवशी चढवायचं नाही तर तळ्याचं पाणी उतरवायचं. भेगांचं पण तसंच, माथ्यावर लांबीला समांतर लांबलचक भेग आणि पायथा फुगलेला म्हणजे उतार सरकायला लागला, आडवी भेग म्हणजे पाण्याला आरपार रस्ता. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात हातभर फाटते आणि पावसात फुगते, त्यामुळे नुसत्या काळ्या मातीचा बांध असेल तर एप्रिलच्या भेगा कोणत्या आणि खऱ्या भेगा कोणत्या हे कळायलाच वेळ लागतो. गांडा बावळ (वेडी बाभूळ) उगवलेला असेल तर झुडूप असतानाच काढा, मोठ्या झाडाची मुळं आत कुजली की तीच नळी होते. घुशींची बिळं बुजवा.

बाहेरून चढवताना एक चूक नेहमी होते. जुन्या उतारावर ओल असते आणि त्यावर सरळ चिकट माती चढवून रोलर फिरवतात, म्हणजे पाण्याचा बाहेर पडायचा रस्ता बंद. ते पाणी मग बांधातच चढतं. आधी वाळू, मग खडी असा थर घालून पायथ्याला नाली द्यायची आणि त्यानंतर मुरूम-माती, एका वेळी २०-३० सेंमीच्या थरात, पाणी मारून, रोलरने. डंपरने ओतून जेसीबीच्या बकेटने थापटणं म्हणजे बांध नव्हे.

पाऊस मात्र तळं ठेवणाऱ्या दोघांनाही चुकत नाही. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ ५०० मिमी पडला, आठवत असेल. तेवढा तुमच्या तळ्यावर पडला, वर तळ्याच्या दुप्पट जमिनीचं पाणी आत येत असेल आणि त्यातलं निम्मंच पोचलं, तरी लेव्हल १ मीटरने वर. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो धुपून जातो, मोरबीचा मच्छू नदीवरचा बांध १९७९ ला कसा गेला ते घरातल्या मोठ्यांना विचारा. म्हणून आजूबाजूचं पाणी बाहेरच्या बाहेर वळवणारी चारी पहिली, मूळ जमिनीवर दगडी सांडवा दुसरा. पंप आहे ना, हे उत्तर नाही, त्याच पावसात लाइट जाते.

आता प्रेस. स्लरीत पॉलिमर (बारीक कण एकत्र आणणारं केमिकल) टाकून थिकनरमध्ये, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीत, दाट करायची, मग फिल्टर प्रेसमध्ये दाबून केक, म्हणजे घट्ट गाळाची वडी काढायची. मोठा फायदा पाण्याचा, ते त्याच दिवशी धुलाईला परत येतं, तळ्यातलं उन्हात उडून जातं. खर्च मशीनचा, विजेचा, कापडं बदलण्याचा, आणि एक माणूस कायम तिथे. पण चिकण माती जास्त असेल तर एकेका दाबाची सायकल इतकी लांबते की कागदावरचं टनेज निघत नाही, म्हणून ऑर्डरच्या आधी आपल्या स्लरीवर ट्रायल घ्या आणि सगळ्यात घाण मालाची स्लरी द्या, चांगल्या मालाची नको.

केक सुका म्हणजे सेफ, असंही नाही. वेल्समध्ये आबरफानला २१ ऑक्टोबर १९६६ ला कोळशाच्या टाकाऊ मालाचा ढीग शाळेवर आला, १४४ मेले, त्यात ११६ मुलं. ढीग झऱ्यावर टाकलेला होता. म्हणजे केकचा ढीग नाल्यात नको, जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर नको, थर दाबत न्यायचा आणि पावसाळ्यापूर्वी कडेने चर काढायचा. विटभट्टीवाला केक उचलतो म्हणाला तरी ढिगाची जागा पूर्ण धरा. आणि जुनं तळं प्रेस आल्याने नाहीसं होत नाही, त्याचं पाणी उतरवणं आणि पायथ्याची फेरी चालूच ठेवावी लागते.

तर माझ्याकडून असं: आतून चढवणं यादीतूनच काढा. खाली चालत जायच्या अंतरावर फळिया (वस्ती), मजुरांच्या खोल्या किंवा शाळा असेल तर प्रेस, ट्रायल खराब आली तर मोठा थिकनर लावा पण तळं चढवू नका. खाली रिकामं असेल, पायथा कोरडा असेल, १२ मीटर जागा आणि जवळ मुरूम असेल तर बाहेरून चढवणं ठीक, तेही एखाद्या जिओटेक्निकल इंजिनीयरकडून बांधातली पाण्याची रेषा धरून उताराचा हिशोब करून घेतल्यावर. पायथा ओला असेल तर यावर्षी चढवायचंच नाही, चारी, सांडवा आणि पाणी उतरवणं एवढंच, माल कमी धुवावा लागला तरी. कोटेशन मागवताना त्यात वाळू-खडीचा थर, रोलर, पाणी मारणं आणि बांधात पाण्याची लेव्हल बघायचे दोन-तीन उभे पाइप या चार गोष्टी वेगळ्या लिहायला सांगा, जो ‘सगळं त्यातच आलं’ म्हणेल त्याला काम देऊ नका.