नोकरी सांभाळून केलेले गाडीचे डिटेलिंग: बाणेरमधील एका घरपोच सेवेचा अभिप्राय

पुण्याच्या बाणेर-बालेवाडी भागात राहणाऱ्या आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवणाऱ्या लोकांच्या उपयोगी पडावा म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करणारा एक तरुण गेल्या वर्षापासून सुटीच्या दिवशी घरी येऊन गाडीचे डिटेलिंग, म्हणजे आतून-बाहेरून बारकाईने सफाई आणि रंगाला पॉलिश, करून देतो. त्याचे दुकान नाही, हाताखाली माणूस नाही. सगळे सामान एका जुन्या व्हॅनमध्ये मावते आणि एका दिवशी तो एकच गाडी घेतो. आमच्या गडद निळ्या सेडानचे काम मी त्याच्याकडून करून घेतले. माझे मत आरंभीच सांगायचे तर धंदा अर्धवेळ असणे हीच या सेवेची जमेची बाजू आहे, कारण डिटेलिंग हे घाईने बिघडणारे काम आहे आणि ज्याचे घर पगारावर चालते त्याला रविवारी चार गाड्या उरकण्याची गरज पडत नाही.

आमच्या भागातल्या गाड्यांचा रंग कशाने खराब होतो ते आधी पाहिले पाहिजे. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या कामामुळे बाणेर रस्त्यावर काही वर्षे बारीक धूळ उडत राहिली आणि ती प्रत्येक गाडीवर बसली. त्यातच महिन्याच्या बोलीवर गाड्या पुसणारी मुले सकाळी एकाच बादलीत बुडवलेले एकच फडके दहा-बारा गाड्यांवरून फिरवतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण तेवढ्या पैशांत आणि तेवढ्या पाण्यात याहून वेगळे काही शक्य नसते. परंतु फडक्यातली धूळ रंगावरच्या पारदर्शक थरावर, म्हणजे क्लिअर कोटवर घासली जाते आणि गाडी उन्हात उभी केली की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे चमकू लागतात. पांढऱ्या गाडीवर ते सहसा नजरेत येत नाहीत, गडद गाडीवर मात्र लपत नाहीत. आमच्या बोनेटवर ते भरपूर होते.

कामाला सकाळी आठ वाजता सुरुवात झाली. प्रथम प्रेशर वॉशरने सुटी धूळ काढून गाडीवर फेस मारला आणि मळ मऊ होईपर्यंत, पण फेस वाळणार नाही इतक्याच वेळ, तो तसाच ठेवला. धुण्यासाठी दोन बादल्या होत्या. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे पाणी आणि दोन्हींच्या तळाशी जाळी, जेणेकरून खाली बसलेली रेती पुन्हा हातमोज्याला लागू नये. चाकांची बादली आणि ब्रश निराळे होते. पुढच्या चाकांवर लोहकण विरघळवणारे द्रावण फवारताच ब्रेकमधून उडून रिमवर चिकटलेला कीस जांभळा होऊन ओघळू लागला. रोज नजरेसमोर असलेल्या रिमवर एवढे लोखंड बसले असेल असे पाहिल्याशिवाय पटत नाही.

धुऊन कोरड्या केलेल्या बोनेटवर त्याने मला हात फिरवायला सांगितला, तेव्हा ते गुळगुळीत लागले. मग पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात चढवून पुन्हा फिरवायला सांगितला, आणि बारीक रवाळपणा बोटांना स्पष्ट जाणवला. हा चिकटून बसलेला कचरा धुण्याने जात नाही. त्यासाठी निसरडे द्रावण मारून त्यावरून क्ले, म्हणजे मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळा, हलक्या हाताने सरकवावा लागतो. क्लेची घडी घालून त्याची स्वच्छ बाजू वर आणण्याचे काम तो दर थोड्या वेळाने न चुकता करत होता. एकदा क्ले हातातून जमिनीवर पडला, तर तो तुकडा त्याने सरळ टाकून दिला. असा क्ले पुसून पुन्हा वापरला तर त्यात रुतलेली रेतीच रंगावर नवे ओरखडे पाडते. ग्राहक शेजारी उभा नसतानाही ही शिस्त टिकते का, हे पाहण्यासाठी मी मुद्दाम थोडा वेळ वर जाऊन गॅलरीतून पाहिले, आणि ती टिकली होती.

पॉलिशला हात घालण्याआधी त्याने रंगाची जाडी मोजली, आणि या सेवेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग हाच आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सर्व थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात आणि त्यातला क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास असतो. प्रत्येक पॉलिशमध्ये त्यातलाच थोडा भाग कायमचा निघून जातो, त्यामुळे दर सहा महिन्यांनी ‘रबिंग’ करून देणारी जागा गाडीच्या रंगाचे आयुष्य कमी करत असते. आमच्या बोनेटवर आकडे ११५ च्या आसपास आले, तर उजव्या मागच्या दारावर ते २३० च्या पुढे गेले. ते दार पूर्वी ठोकर लागल्यावर पुन्हा रंगवलेले आहे, हे मी त्याला सांगितलेले नव्हते. गॅरेजच्या रंगावर यंत्र कमी वेगाने आणि कमी वेळ चालवायचे, हे त्याने त्यावरून ठरवले. डिकीजवळच्या एका लांब रेघेवर नख आडवे फिरवून तो म्हणाला, “काका, इथं नख अडकतंय. ही रेघ पॉलिशनं जाणार नाही. मी पुसट करू शकतो, पण गेली असं सांगणार नाही.” जास्त पैसे लावून ती घासत बसणे त्याला सहज जमले असते.

यंत्र १५ मिलिमीटर ऑर्बिटचे (डोलण्याच्या फेऱ्याचे) ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर होते. नुसत्या गोल फिरणाऱ्या रोटरी यंत्राने काम लवकर होते, पण नवख्या हातात ते एका जागी उष्णता साठवून रंग जाळू शकते. ड्युअल अ‍ॅक्शनमध्ये पॅड फिरता फिरता डोलतो, त्यामुळे वेळ अधिक लागतो आणि धोका बराच कमी होतो. रबरी पट्ट्या व काळ्या प्लॅस्टिकच्या कडांना टेप लावून झाल्यावर बोनेटवरच्या दीड-दोन फुटांच्या चौकोनात त्याने आधी सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड लावून पाहिला. त्या जागेवरून आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याचे फडके फिरवले, कारण पॉलिशमधले तेल ओरखडे तात्पुरते झाकते आणि खरी स्थिती ते पुसल्यावरच कळते. ओरखडे पुरेसे गेले नव्हते, तेव्हा एक पायरी वर चढून तीच चाचणी पुन्हा घेतली आणि मगच उरलेली गाडी हाती घेतली. संध्याकाळी उन्हात गाडी उभी केली तेव्हा बोनेटवरची जाळी जवळजवळ नाहीशी झालेली होती. पुन्हा रंगवलेल्या दारावर थोडी शिल्लक आहे, आणि ती तशी राहील हे त्याने आधीच सांगितले होते.

आतली सफाई चांगली आहे, तिच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. सीटवर पाणी कमीत कमी वापरले गेले, त्यामुळे ओलसर वास राहिला नाही, आणि डॅशबोर्डवर ते चकचकीत तेलकट द्रावण फासले नाही, ज्याचे प्रतिबिंब पुढच्या काचेत पडून दुपारी गाडी चालवताना त्रास होतो.

मी सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर बसणारा कडक संरक्षक थर, याविषयीही विचारले होते. त्याने ते करण्यास नकार दिला, आणि त्याची कारणे पटणारी होती. कोटिंग लावताना आणि ते पक्के होईपर्यंत धूळ, ऊन व पाणी यांपासून बचाव लागतो. उघड्या पार्किंगमध्ये त्याची हमी देता येत नाही. त्याऐवजी त्याने सीलंट, म्हणजे पातळ संरक्षक लेप, लावले, जे काही महिने टिकते आणि पुन्हा लावणे स्वस्त पडते. सोबत चार मायक्रोफायबर फडकी देऊन, कोरडी धूळ रोज पुसून घेणे बंद करा, असेही सांगितले.

आता उणिवा. पहिली पाण्याची. आमच्याकडे बोअरवेलचे जड पाणी येते, त्याचा थेंब उन्हात वाळला की क्षारांचा पांढरा डाग उरतो. दुपारी गाडीच्या छतावर असे काही डाग पडले आणि ते काढण्यात बराच वेळ गेला. पाणी मऊ करणारा फिल्टर त्याच्याकडे अजून नाही. उन्हाळ्यात सोसायटी नळ देत नाही तेव्हा तो आठ-दहा लिटर पाण्यात होणारे, नंतर पाणी ओतून धुवावे न लागणारे रिन्सलेस वॉश करतो, परंतु चिखलाने माखलेल्या गाडीला ते चालत नाही. दुसरी विजेची. ९०० वॅटचे पॉलिशर तीन तास चालले तरी ३ युनिटही होत नाहीत, पण वायर सामाईक मीटरला जोडलेली पाहून समितीच्या एका सदस्यांनी हरकत घेतली आणि काम अर्धा तास थांबले. याची परवानगी सेवा देणाऱ्याने आदल्या दिवशीच लेखी घ्यायला हवी. तिसरी उणीव कागदपत्रांची आहे, आणि ती मला खरोखर खटकली. पावती मिळाली नाही, दर तोंडी ठरला, आणि काम करताना गाडीला इजा झाली तर भरपाई कोण देणार याविषयी काहीच लिहिलेले नव्हते.

हे त्याला मी सविस्तर सांगितले, आणि नोकरी सांभाळून हा धंदा सुरू करू पाहणाऱ्या इतर तरुणांनीही ते ध्यानात घ्यावे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, तिच्यासाठी दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी बंधनकारक नसते, पण साधी क्रमांक घातलेली पावती देण्यास त्याची आडकाठी नाही. जोडधंद्याविषयी नेमणूकपत्रात काय अट आहे तेही यंत्रे विकत घेण्याआधी वाचलेले बरे. आणि खर्चाला कात्री लावायचीच असेल तर ती रंगीबेरंगी बाटल्यांना लावावी, जाडी मोजण्याच्या उपकरणाला आणि भरपूर स्वच्छ फडक्यांना लावू नये.

बाहेरची धुलाई, क्ले, एका टप्प्याचे पॉलिश, सीलंट आणि आतली सफाई यांचे मिळून मी ६,५०० रुपये दिले. दिवसभराच्या श्रमाकडे पाहता हा दर वाजवी आहे. नव्या गाडीला कोटिंग किंवा पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) लावायचे असेल तर बंदिस्त स्टुडिओतच जावे. चार-पाच वर्षे वापरलेल्या आणि रंग शाबूत असलेल्या गाडीसाठी मात्र मी हीच सेवा सुचवेन. बोलावताना पाणी, वीज, छप्पर असलेली जागा आणि पाऊस आल्यास पुढची तारीख, एवढ्या चार गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्याव्यात, आणि दिवाळीच्या आधीचा रविवार हवा असेल तर गणपतीतच सांगून ठेवावे.