व्हिएन्नातला हुंडर्टवासर : अर्ध्या दिवसात काय बघायचं

चित्रकार हुंडर्टवासरच्या कल्पनेतून उभं राहिलेलं हुंडर्टवासरहाउस बघायला जाणाऱ्यांची पहिली निराशा ठरलेली असते: आत जाता येत नाही. ही महापालिकेची भाड्याच्या घरांची इमारत आहे, १९८३ ते १९८५ या काळात बांधलेली. पन्नासच्या आसपास बिऱ्हाडं तिथे राहतात. जिने आणि गच्च्या त्यांच्यासाठी, आपल्यासाठी रस्ता. एवढं कळून गेलात तर अर्धा तास छान जातो आणि पैसा लागत नाही.

१ नंबरच्या ट्रामने हेट्सगासे थांब्यावर उतरा. समोरून एक फोटो काढून लगेच पुढे निघू नका, केगेलगासेच्या कोपऱ्यावर उभे राहा. प्रत्येक घराचा बाहेरचा रंग वेगळा आहे. दोन रंगांच्या मधली वेडीवाकडी पट्टी बघितली की कुठलं घर कुठे संपतं ते कळतं. म्हणजे रंग नुसता सजावटीचा नाही, तो घरांची हद्द दाखवतो. खिडक्याही एकसारख्या नाहीत. हुंडर्टवासरचं म्हणणं असं, की खिडकीतून हात बाहेर काढून जिथवर पोहोचेल तिथवरची भिंत भाडेकरूने हवी तशी रंगवावी. इथल्या रहिवाशांना तो हक्क खरोखर दिलेला आहे. इतकी साधी आणि इतकी मोठी कल्पना दुसऱ्या कुठल्या सरकारी वसाहतीत सापडणं कठीण.

आता वर बघा. गच्च्यांवर माती आहे आणि सगळी मिळून अडीचशेच्या आसपास झाडं-झुडपं. काही झाडं घराच्या आतून वाढून खिडकीबाहेर आलेली आहेत. हुंडर्टवासर त्यांना ‘झाड-भाडेकरू’ म्हणायचा, भाडं म्हणून ती सावली आणि स्वच्छ हवा देतात. अशा गच्चीचं खरं काम दिसत नाही, ते मातीखाली असतं: मुळं अडवणारा थर, पाणी न झिरपणारा थर, निचऱ्याचा थर. यातला एक जरी चुकला तरी खालच्या घरात ओल येते. पावसाने भिजलेली माती फार जड होते, त्यामुळे स्लॅबचा हिशेब ओल्या मातीच्या वजनाने करावा लागतो. नुसता रंग उचलून नक्कल करणाऱ्यांना हे कळत नाही.

रंग नीट दिसायला हवे असतील तर पानगळ झाल्यावर जा. उन्हाळ्यात झाडं इतकी दाट असतात की दर्शनी भागाचा बराच भाग झाकला जातो. तसा तो झाकला जावा हाच मूळ हेतू, म्हणून उन्हाळ्याची भेटही वाया जात नाही.

श्रेयाबद्दलही बोललं पाहिजे. हुंडर्टवासर मुळात चित्रकार. इमारतीचा सुरुवातीचा आराखडा वास्तुरचनाकार योझेफ क्राविनाचा, आणि २०१० मध्ये ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला सहनिर्माता मानलं. त्याचं नाव घेतलंच पाहिजे.

समोरचं ‘व्हिलेज’ म्हणजे आठवणवस्तूंची दुकानं. पाच मिनिटं पुरे.

आतून अनुभव हवा असेल तर चालत जवळच असलेल्या कुन्स्टहाउस या हुंडर्टवासरच्याच संग्रहालयात जा. थोनेटच्या जुन्या फर्निचर कारखान्यात १९९१ मध्ये हे संग्रहालय सुरू झालं. दर्शनी भाग काळ्या-पांढऱ्या चौकटींचा, आणि आत जमीन चढ-उताराची. हुंडर्टवासरला सपाट फरशी मान्य नव्हती. पायाला जमिनीचा उंचसखलपणा जाणवला पाहिजे, हा त्याचा आग्रह. तळवा आधी उंचवटा शोधतो, नजर चित्रावरून खाली उतरते, चाल आपोआप मंदावते. सपाट, न घसरणारे बूट घाला. बाबागाडी आणि चाकाची खुर्ची इथे त्रासाची होते, आणि गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चालावं. तिकिटाचे पैसे खर्च करायचे तर ते इथेच.

वेळ उरला तर लांडश्ट्रासेहून यू-४ मेट्रो धरा, गाडी न बदलता श्पिटेलाउला पोहोचाल. तिथे कचरा जाळून घरांना उष्णता पुरवणारा कारखाना आहे. १९८७ च्या आगीनंतर हुंडर्टवासरने त्याचा बाह्य भाग नव्याने रचला. निसर्गप्रेमी असल्याने तो आधी तयार नव्हता. धूर शुद्ध करण्याची यंत्रणा आधुनिक असेल अशी खात्री मिळाल्यावरच हो म्हणाला. कारखान्याची धुराडी आणि तिच्यावरचा सोनेरी गोळा स्टेशनाबाहेर आल्या आल्या दिसतो. त्यासाठी वेगळी वाट शोधावी लागत नाही.